खंड्याला दोष देण्याआधी फ्रीजवरचा डबा उघडा

पत्र

डॉक्टर,

आमच्या घरी सहा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, खंड्या. सासूबाईंचं (वय ७४) त्याच्यावाचून पान हलत नाही. त्यांना वर्षभरात चौथ्यांदा लघवीचा संसर्ग झाला. या वेळी कल्चर (जिवाणू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) केलं, तर रिपोर्टवर ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ आलं आणि औषधांच्या यादीत बहुतेकांपुढे ‘आर’, म्हणजे लागू न पडणारं. डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात कुत्रा-मांजर आहे का? झालं! मुंबईच्या धाकट्या दिरांनी फोनवरच निकाल दिला: कुत्र्यामुळे झालं, त्याला कुठेतरी देऊन टाका, आणि आईला अगदीच करमेना तर दुकानातून एखादं छोटं, स्वच्छ पिल्लू आणू.

पावसाळा आला की खंड्याच्या पोटावर आणि मांड्यांच्या आत पुवाचे बारीक फोड येतात. दर वेळी व्हेटकडे नेणं होत नाही, त्याला गाडीत चढवायलाच दोन माणसं लागतात. म्हणून सासूबाईंच्या उरलेल्या सेफिक्झिमची अर्धी गोळी आणि एक सेट्रिझिन असं तीन दिवस देते. बरं वाटतं त्याला. जेवायला पोळी-भात आणि रोज थोडं कच्चं चिकन, कारण ते ‘नैसर्गिक’ असतं असं कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर सांगतात. (मागच्या दिवाळीत सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेरा दिवस दवाखान्यात होत्या, लघवीची नळी होती.) मिस्टर पिंपळगावच्या द्राक्षबागेत, आठवड्यातले चार दिवस तिकडेच. त्यामुळे हे सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात.

खंड्यामुळे झालं का? त्याला द्यावं लागेल का? तो रात्री सासूबाईंच्या पायाशी झोपतो, ते चालेल का?

– एक वाचक, नाशिक


उत्तर

ताई,

खंड्याला कुठेही देऊ नका. जनावरांचा डॉक्टर म्हणून हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तेरा दिवस दवाखाना आणि लघवीची नळी! औषधांना दाद न देणारे जिवाणू माणसाला कुठे भेटतात, असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव दवाखान्याचंच घेईन. तिथे प्रतिजैविकांचा मारा दिवसरात्र चालतो, त्यामुळे तिथे टिकून राहतात तेच जिवाणू जे त्या माऱ्याला पुरून उरलेत. नळी जितके दिवस राहते तितकी त्यांना मूत्राशयापर्यंत जायला वाट मिळते. ह्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. खुब्याच्या ऑपरेशनला नळी बऱ्याचदा लागतेच. पण दिवाळीत खुबा आणि त्यानंतर वर्षभरात चार संसर्ग, हा क्रम पाहून दीरसाहेबांना आधी खंड्या आठवावा, हे काही बरोबर नाही.

आता रिपोर्टकडे वळू. सासूबाईंच्या लघवीत सापडला तो ई. कोलाय. हा आतड्यात राहणारा जिवाणू. माझ्या, तुमच्या, खंड्याच्या, सगळ्यांच्या आतड्यात त्याचे कुठले ना कुठले भाऊबंद असतात. आतड्यात असेपर्यंत तो बहुधा निरुपद्रवी. मूत्रमार्गात शिरला की त्रास. खंड्याच्या पोटावरच्या फोडात मात्र ई. कोलाय असण्याची शक्यता फार कमी. कुत्र्यांच्या अशा फोडांमध्ये बहुतेक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस. नाव उच्चारताना जिभेला व्यायाम होतो, पण तो कुत्र्याच्या कातडीचा कायमचा भाडेकरू आहे. माणसांना तो क्वचितच त्रास देतो. म्हणजे खंड्याचे फोड आणि सासूबाईंची लघवी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. फोडांना हात लावून सासूबाईंना लघवीचा संसर्ग झाला, असं होत नाही.

मग खंड्याचा ह्यात काहीच संबंध नाही का? आहे. पण तुम्हाला भीती आहे त्या बाजूने नाही.

तुम्ही त्याला सेफिक्झिमची अर्धी गोळी देता. सेफिक्झिम हे लघवीच्या, टायफॉइडच्या अशा काही जिवाणूंवरचं औषध आहे. स्टॅफिलोकॉकसवर ते जवळपास चालतच नाही. म्हणजे ज्या फोडांसाठी गोळी दिली त्या फोडांना ती लागू पडलीच नाही. मग तीन दिवसांत बरं कसं वाटलं? थोडं श्रेय खाज कमी करणाऱ्या सेट्रिझिनचं असेल, थोडं त्या आठवड्यात उघडलेल्या पावसाचं. अशा फोडांची खाज मुळातच वर-खाली होत असते. गोळी पोटात गेली, आतड्यात पोहोचली, आणि तिथे तिने आपलं काम चोख केलं. खंड्याच्या आतड्यातले साधे, गरीब ई. कोलाय मारले. सेफिक्झिमला न जुमानणारा एखादा तिथे होता, तर त्याला मोकळं रान मिळालं. तीन दिवसांनी गोळी थांबली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आणि रिपोर्टवरचं ‘ईएसबीएल’ म्हणजे काय? जिवाणू एक एन्झाइम बनवतो, आणि ते एन्झाइम सेफिक्झिमच्या जातीच्या औषधांचं कडं मोडून टाकतं. त्याच जातीच्या औषधाने तुम्ही खंड्याच्या आतड्यात पेरणी करत होता. तुमच्या घरात औषधाला दाद न देणारे जिवाणू कोण वाढवत असेल, तर तो फ्रीजवरचा किंवा कपाटातला उरलेल्या गोळ्यांचा डबा. (डबा फ्रीजवर असतो हे मी गृहीत धरलं. माझ्या आईचा तिथेच होता, बिस्किटांचा, वर ताजमहाल.)

राग मानू नका. हे करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, आणि सांगणारा मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. व्यवसायाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत खाजणारं प्रत्येक कुत्रं माझ्याकडून एकवीस दिवसांची प्रतिजैविकं घेऊन गेलं. एक कॉकर स्पॅनियल होती, तिच्या कानासाठी मी दोन वर्षांत पाच वेगवेगळे थेंब आणि चार प्रकारच्या गोळ्या दिल्या. सहाव्यांदा तिचे मालक, एक निवृत्त मास्तर, म्हणाले, “डॉक्टर, उत्तर येत नसेल तर गणित पुन्हा वाचावं.” तेव्हा कुठे मी कल्चर पाठवलं. कागद आला तो वरपासून खालपर्यंत ‘आर’, मध्ये फक्त दोन ‘एस’. त्यातलं एक औषध मूत्रपिंडाला जड. ‘आर’ म्हणजे जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही, ‘एस’ म्हणजे मरतो. त्या कागदावरचे निम्मे ‘आर’ माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांनी कमावलेले होते. मूळ दुखणं निघालं अन्नाची ॲलर्जी.

तुमच्या मिस्टरांना हे एका वाक्यात कळेल. डावणीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर, एकच आंतरप्रवाही बुरशीनाशक फवारणीमागून फवारणी मारलं, तेही कमी मात्रेत, तर काय होतं ते पिंपळगावच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. दोन-तीन हंगामांत डावणी त्या औषधाला ओळखही देत नाही. म्हणून ते औषध बदलून मारतात, मात्रा मोजून मारतात आणि गरज नसताना मारत नाहीत. बागेला ही शिस्त आहे, घरातल्या गोळ्यांच्या डब्याला नाही.

जिवाणूंकडे वर आणखी एक सोय आहे. औषध कसं चुकवायचं ह्याची युक्ती ते डीएनएच्या एका छोट्या, सुट्या कड्यावर लिहून ठेवतात. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. हे कडं एक जिवाणू दुसऱ्याला सरळ देऊ शकतो, तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. दहावीच्या परीक्षेला खिडकीतून कॉप्या पुरवतात ना, तसंच. एकाने अभ्यास केला, वर्गातले चाळीस पास. कुत्र्याच्या आतड्यातली कॉपी माणसाच्या आतड्यापर्यंत येऊ शकते आणि माणसाची कुत्र्यापर्यंत. वाट साधीच आहे: शी उचललेला हात, चाटलेला हात, न धुतलेला वाडगा.

आता दीरसाहेबांच्या समाधानासाठी थोडा जगाचा अनुभव. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात २,८९१ रुग्णांचे नमुने घेतले, आणि त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी कुत्री-मांजरं होती त्या जनावरांचेही. २०२३ साली हे काम कोपनहेगनच्या परिषदेत मांडलं गेलं. मालक आणि त्याचं जनावर ह्यांच्यात जनुकीय तपासणीत तंतोतंत तोच जिवाणू सापडला अशी जोडी किती? एक. एक माणूस आणि त्याचा कुत्रा, आणि जिवाणू सासूबाईंच्याच जातकुळीचा, ई. कोलाय. म्हणजे असं घडतं, पण क्वचित. आणि घडलं तरी कुणी कुणाला दिलं, हे त्या तपासणीतून कळत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. हॉलंडमधून परदेशी फिरायला गेलेल्या २,००१ प्रवाशांची जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणी केली. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. जाताना ज्यांच्या आतड्यात ईएसबीएलवाले जिवाणू नव्हते अशांपैकी ३४ टक्के लोक ते घेऊन परतले. आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, येऊन गेलेले? ७५ टक्के. ही माणसं इथे कुत्री पाळायला आली नव्हती. चार दिवस आपलं पाणी प्यायली, आपलं जेवण जेवली. त्या प्रवाशांच्या आतड्यातून हे पाहुणे साधारण महिन्याभरात निघूनही गेले, निम्म्यांच्या बाबतीत तरी. पण तोवर घरातल्या दुसऱ्या माणसाला ते देण्याची शक्यता १२ टक्के निघाली. आपल्याकडे ते निघून जातात आणि पाणीपुरीच्या पुढच्या प्लेटबरोबर पुन्हा येतात, एवढाच फरक. नाशकात निरोगी माणसांच्या रांगेतून कुणालाही उचललं तरी त्याच्या पोटात हे सापडू शकतं. सासूबाईंच्या मुलाच्याही. मुंबईच्या मुलाच्याही, हे त्यांना तुम्ही सांगू नका, मी सांगितलं म्हणा.

उलट बाजूची गोष्टही सांगतो, नाहीतर मी कुत्र्या-मांजरांचा वकील आहे असं वाटेल. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या एका वॉर्डात मेथिसिलिन ह्या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस ह्या जिवाणूची साथ काही केल्या हटेना. परिचारिकांमध्येही तो सापडला. वॉर्डात एक लाडकी मांजर होती, सगळ्यांच्या मांडीवर जाणारी. तपासलं तर तिच्या पंजांवर आणि केसांत तोच जिवाणू भरलेला. मांजर हलवली, स्वच्छता कडक केली, आणि साथ आटोपली. हे १९८८ साली छापून आलं. पण तो जिवाणू मूळचा माणसांचा. माणसांनी मांजरीला दिला, मांजर तो मांड्यामांड्यांवर वाटत फिरली. पाळीव जनावरांत सापडणाऱ्या ह्या जिवाणूचं घराणं शोधलं तर बहुतेक वेळा ते माणसांच्या दवाखान्यातच सापडतं. आपण त्यांना देतो, ते कधीकधी परत करतात.

आणि ते दुकानातलं ‘स्वच्छ’ पिल्लू! अमेरिकेत २०१६ ते २०१८ च्या दरम्यान कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूने १८ राज्यांत ११८ माणसांना जुलाब लावले. बहुतेकांचा संबंध दुकानात विकायला आलेल्या पिल्लांशी होता. आजाऱ्यांत दुकानातले नोकरही बरेच. जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारा. चौकशी करणाऱ्यांनी १४९ पिल्लांच्या नोंदी पाहिल्या. त्यातल्या १४२ पिल्लांना विकण्याआधी प्रतिजैविकं दिलेली, आणि निम्म्याहून अधिक पिल्लांना कसलाही आजार नसताना, ‘आधीच दिलेलं बरं’ म्हणून. वाहतुकीत, गर्दीत, आईपासून तोडलेली ही पिल्लं आजारी पडू नयेत म्हणून हा उपाय. आपल्याकडची विक्री त्याहून निराळी असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. सहा वर्षांचा, घरचा, ज्याचं सगळं तुम्हाला माहीत आहे असा खंड्या देऊन कुठून आलं ते ठाऊक नसलेलं पिल्लू आणणं म्हणजे जुनं घर विकून गळकं घर घेणं.

आता कामाचं.

डबा आज संध्याकाळी उघडा. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती बाजूला काढा. ही रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही अशी खूण. सेफिक्झिम तर ‘एच-वन’ यादीत आहे. ह्या यादीतलं औषध विकताना मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून वहीत नोंद करायची आणि ती नोंद तीन वर्षं सांभाळायची, असा नियम २०१४ पासून आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो ते तुम्हालाही ठाऊक आहे. उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नका, वेगळ्या कागदात बांधून घातक कचरा म्हणून घंटागाडीला द्या. मुख्य म्हणजे पुढच्या वेळी गोळ्या उरतातच का, हा प्रश्न विचारा. सासूबाईंना दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून त्यांनी परस्पर बंद केल्या असतील, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. कधी किती दिवसांत थांबवायचं हे त्यांनी ठरवावं, डब्याने नाही.

(त्याच डब्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल असणार. माणसांची दुखण्यावरची औषधं कुत्र्याला देऊ नका, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. तुमच्याकडे मांजर नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे तरी आहे.)

खंड्याला व्हेटकडे न्या, आणि नेण्याआधी दोन आठवडे तरी कुठलंही प्रतिजैविक देऊ नका. फोड फोडू नका. हळद, पावडर, मलम काहीही लावू नका. न फुटलेला, पिवळसर टोकाचा फोड हा तपासणीसाठी सोन्यासारखा. व्हेट त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. ते दहा मिनिटांचं काम आहे. वरचेवर येत असतील तर “कल्चर करू या का?” असं तुम्हीच विचारा. तीन-चार दिवस आणि थोडे पैसे जातात, पण चार अंदाजी कोर्सपेक्षा स्वस्त पडतं. सेफिक्झिम दिलं होतं हे लपवू नका. व्हेट रागावले तर रागावले.

वरवरच्या फोडांना हल्ली बऱ्याचदा गोळ्या लागतच नाहीत. क्लोरहेक्सिडीन ह्या जंतुनाशकाचा कुत्र्यांसाठीचा शाम्पू, व्हेट सांगतील तसा, आठवड्यातून दोन-तीनदा. जिवाणू औषधांना कितीही निर्ढावलेला असला तरी कातडीवर थेट लावलेलं क्लोरहेक्सिडीन बहुधा त्याला भारी पडतं. पण त्यात एक मेख आहे. फेस करून तो दहा मिनिटं अंगावर ठेवायचा असतो. लोक दोन मिनिटांत पाणी ओततात आणि मग शाम्पू वाईट म्हणतात. ओला लॅब्रेडॉर दहा मिनिटं बाथरूममध्ये उभा करणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तो एकदा अंग झाडतो आणि पांढरा फेस तुमच्या चष्म्यावर. उपाय सांगतो. बाथरूमच्या दाराशी सासूबाईंना खुर्ची द्या आणि सावकाश रामरक्षा म्हणायला सांगा. ती संपेपर्यंत दहा मिनिटं होतात. खंड्याही त्यांच्या आवाजाला उभा राहील. ओटा किंवा फरशी पुसायचं जंतुनाशक मात्र त्याच्या अंगाला लावू नका, कातडी भाजते.

आणि दर पावसाळ्यात हे का होतं, ते शोधा. गोचीड, पिसवा, ॲलर्जी, वय वाढलं की थायरॉइड. फोड हे दुसऱ्या कशाचं तरी दिसणारं टोक असतं. माझ्या कॉकरसारखं.

कच्चं चिकन बंद. ‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांनी कोंबडी कुठे वाढली ते पाहिलेलं नसतं. आपल्याकडे कोंबड्यांना कोलिस्टीन देण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी आली. कोलिस्टीन म्हणजे माणसांच्या आयसीयूत सगळं संपल्यावर काढतात ते औषध, आणि तोवर ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या शीमध्ये औषधांना दाद न देणारे ई. कोलाय जास्त सापडतात, हे परदेशातल्या अनेक पाहण्यांत दिसलं आहे. फ्रीझरमध्ये ठेवलं तरी ते मरत नाहीत, झोपतात. शिजवलं की मरतात. तेव्हा चिकन शिजवा, मीठ-मसाला-कांदा न घालता, हाडं काढून. खंड्याला काही फरक पडणार नाही. दोन दिवस तोंड वाकडं करील. त्याचा वाडगा तुमच्या तवा-परातीबरोबर नको, वेगळ्या घासणीने, शक्यतो बाहेरच्या नळावर. तुमच्या घरात ई. कोलायची कच्ची वाट असेल तर ती खंड्याच्या जिभेआधी चिकन कापलेल्या विळीवरून आणि त्यानंतर कोशिंबिरीवरून जाते.

खंड्याची शी तपासून ‘त्याच्यात आहे का’ हे बघायचं का? नको. आज असेल, पुढच्या महिन्यात नसेल, आणि असला तरी तो आजारी नाही, त्यामुळे उपचार नाही. ‘सफाई’ म्हणून त्याला प्रतिजैविक देणं म्हणजे पुन्हा तीच पेरणी. शी पिशवीत उचला आणि हात साबणाने धुवा, वीस सेकंद, बाहेरून आल्यावर लगेच, चहाचं आधण ठेवण्याआधी.

सासूबाईंबद्दल मी जपून बोलतो, मी जनावरांचा डॉक्टर. पण घरात स्त्रीरोगतज्ज्ञ बायको आहे, तिच्या संमतीने दोन प्रश्न लिहून देतो, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. एक: जळजळ, ताप, वारंवार लागणं असं काहीच नसताना, नुसतं ‘बघू या’ म्हणून केलेल्या कल्चरमध्ये जिवाणू निघाले तर औषध द्यायचं का? म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत त्रास न देणारे जिवाणू पुष्कळदा सापडतात, आणि त्यासाठी दिलेली औषधं बहुतेक वेळा फुकट जातात. दोन: पाळी गेल्यानंतर वारंवार होणाऱ्या संसर्गावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम सासूबाईंना चालेल का? ते प्रतिजैविक नाही, पण पुन्हा पुन्हा होणं कमी करतं. आणि ‘आर’ची यादी पाहून घाबरू नका. अशा जिवाणूंवर नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन अशी जुनी औषधं बऱ्याचदा चालतात. तुमच्या कागदावर त्यांच्यापुढे ‘एस’ आहे का बघा. मूत्रपिंड कसं आहे त्यावरून डॉक्टर निवडतील.

एक काम मात्र दोन्ही डॉक्टर करणार नाहीत, ते तुम्हालाच करावं लागेल. सासूबाईंची फाइल आणि खंड्याची फाइल एका पिशवीत ठेवा. सासूबाईंच्या डॉक्टरांना सांगा की घरात कुत्रा आहे आणि त्याला सेफिक्झिम दिलं गेलं. व्हेटना सांगा की घरात ईएसबीएलचा रुग्ण आहे. ते ऐकून ते औषध वेगळं निवडतील. एकाच गल्लीत समोरासमोर पाट्या लावून बसलेले माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर मी पाहिलेत, तीस-तीस वर्षं. दिवाळीचा फराळ देतात एकमेकांना. एका घरातल्या दोन पेशंटबद्दल मात्र एकदाही बोललेले नसतात. मीही त्यातलाच.

राहिला शेवटचा प्रश्न, पायाशी झोपण्याचा. खुब्याच्या ऑपरेशनची जखम पूर्ण भरली आहे, पायावर दुसरी कुठली जखम नाही, आणि सध्या नळी नाही, असं असेल तर झोपू द्या. पुन्हा कधी नळी लागली किंवा जखम झाली तर तेवढे दिवस त्याचं अंथरूण खाली, पलंगाला लागून, म्हणजे सासूबाईंचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचेल. तोंड चाटू देऊ नका. फोड असतील त्या दिवसांत त्याच्याखाली जुनं लुगडं घाला आणि ते आठवड्यातून दोनदा गरम पाण्यात धुवा.